वेशीबाहेर गेलेली मूर्ती

सोनिवली, बदलापूर
ऑगस्ट १९५६

प्रिय कमळाकर,

तुझं पत्र पोचलं. मुंबईच्या प्रदर्शनात तुझी मूर्ती घेतली, तीही दर्शनी मांडणार, हे वाचून मी घरोघर साखर वाटायला हवी होती. सोमवारी ट्रक पाठवतोस म्हणालास. पाठवू नकोस. मूर्ती इथे नाही.

रागावण्याआधी नीट ऐक. आर्ट स्कूल सोडून तू आमच्या गोठ्यात बिऱ्हाड थाटलंस, तेव्हापासून मी तुझे हाल पाहतेय. उल्हासनगरच्या कॅम्पातून बराकींचे जुने पत्रे खांद्यावर घेऊन यायचास. तिथला सिंधी भंगारवाला तुला आदरानं 'साईं' म्हणायचा, आणि आमचे हे तुला त्याचा भागीदार म्हणून चिडवायचे. अंबरनाथच्या कारखान्यांतल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या, काथ्या, पत्रा, नदीची माती, सगळं एकाच मूर्तीच्या अंगात बसवायचास. आणि दर वेळी प्रदर्शनातून काम परत यायचं. दगड नाही, ब्राँझ नाही, मग हे शिल्प कसलं, असं तिथले लोक म्हणायचे. तू जेवण टाकून बसायचास आणि पुन्हा पत्रा कापायला घ्यायचास. ही उभी बाई मात्र मनासारखी उतरली. तिच्या चेहऱ्यासाठी मीनल तुझ्यासमोर तासन् तास बसायची, नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. मामाचा शब्द तिला आईपेक्षा मोठा होता.

पत्र्याला गंज चढू नये म्हणून तू मुंबईला जाताना मूर्तीला शेंदरी रंग फासून गेलास. घोळ तिथेच झाला. गेल्या महिन्यात वरच्या वाडीत पटकीची साथ आली. वाडीतली भिकी आमच्याकडे शेण न्यायला आली आणि गोठ्यात तिनं ती लाल बाई पाहिली. दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी दारात उभी. मरीआईला गाड्यात बसवून वेशीबाहेर सोडली की रोगराई तिच्यामागे जाते, ही इकडची रीत तुला ठाऊक आहे. ही देवी नव्हे, माझ्या भावाचं काम आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. ह्यांनीही हटकलं. वाडीचा म्हातारा सुकऱ्या हात जोडून एवढंच म्हणाला, "बाय, तुजी पोर बी आत निजलीय ना?"

मीनलला सकाळपासून उलट्या होत होत्या. मी दारातून बाजूला झाले. मूर्तीची ओटी मीच भरली.

पुढच्या गावानं गाडा त्यांच्या वेशीपार ढकलला, त्यांच्या पुढच्यांनी आणखी पुढे. गेलेला गाडा कुणी परत आणत नाही. कुणी म्हणतं वांगणीकडे दिसली, कुणी म्हणतं बारवीच्या रानात पडलीय, पावसानं चेहऱ्याची माती धुऊन गेलीय, नुसता पत्रा उरलाय. तुझ्या इतक्या वर्षांच्या कष्टांवर मी पाणी फिरवलं हे मला कळतं. पण ती सकाळ पुन्हा आली तर मी पुन्हा ओटी भरीन.

कमळाकर, मीनल गेली. त्याच आठवड्यात गेली. हे तुला तार करायला निघाले होते, मीच अडवलं. तुझं प्रदर्शन तेव्हा ठरत होतं. आपण तिचा फोटो कधी काढलाच नाही. आता डोळे मिटले की तिची वेणी दिसते, फ्रॉक दिसतो, चेहरा धड दिसत नाही. मी आई असून मला तो आठवत नाही, आणि तुझ्या बोटांना तो पाठ आहे. प्रदर्शनाचं काय व्हायचं ते होवो, तू विसरायच्या आत ये. पत्र्याचा कर, मातीचा कर, कशाचाही कर, पण मला तो चेहरा पुन्हा करून दे.

तुझीच,
अक्का