माळ्यावरची कुऱ्हाड

१२ सप्टेंबर

वादळ आलं त्या सकाळी मी चादरी वाळत टाकल्या, कोंबड्यांना दाणे घातले, कॉफी केली. माझ्या नवऱ्याने, आल्सिडने, लाकडं फोडायला माळ्यावरची कुऱ्हाड खाली नेली. आखाताच्या किनाऱ्यावर आमच्याकडे घरोघरी माळ्यावर कुऱ्हाड असते. पाणी छपरापर्यंत आलं तर छप्पर फोडून बाहेर पडायला. लाकडं फोडून झाली, कुऱ्हाड अंगणातच राहिली. दुपारी मी बहिणीकडे गेले आणि वादळ आलं. पाणी ओसरल्यावर आल्सिड माळ्यावर मेलेला सापडला, कुऱ्हाड चिखलात. दांड्याला त्याने गुंडाळलेली जाळ्याची लाल दोरी अजून आहे.

आज समुद्रापासून इतक्या लांब, या डोंगरातल्या गावात राहायला आले. घर उजेडाचं आहे. मागे घोटाभर पाण्याचा ओढा. शेजारच्या मिस लुरीन पीचचा गरम केक घेऊन आल्या, तेव्हा मी माळ्यावर खिळा ठोकून कुऱ्हाड टांगत होते. शिडीखालून हसत म्हणाल्या, "अगं खाडीवाले, समुद्राला इथे यायचं तर घाट चढावा लागेल. दमेल बिचारा." मीही हसले. खूप दिवसांनी.

१७ सप्टेंबर

पुस्तकं लावून झाली. दुपारी माळ्यावर ठोके ऐकू आले. तीन, जरा थांबून पुन्हा तीन. मिस लुरीन म्हणाल्या, खारी असतील, अक्रोड साठवत असतील. हात मासळीने भरलेले असले की आल्सिड कोपराने असंच दार वाजवायचा. हे त्यांना सांगितलं नाही.

२२ सप्टेंबर

वर जाऊन पाहिलं. छपराच्या फळ्या आतून ओल्या. पाऊस नाही, कुठे गळत नाही. बोट लावून चाखलं.

खारट.

२५ सप्टेंबर

आखातात वादळ उठलंय. इथे नुसता पाऊस पडेल म्हणतात. पण मी वाचलंय, वादळाचं पाणी डोंगराला अडलं की सगळं ओढ्यांत उतरतं. टब भरला, बॅटऱ्या काढल्या. मिस लुरीनना म्हटलं, टेकडीवरच्या चर्चमध्ये जाऊ. ऐकेनात. म्हणाल्या, "वादळातून पळालेल्यांना आम्ही गाद्या घालून देतो, बये. आम्ही कुठे पळायचं?"

ठोके आता सारखे. त्याला बाहेर यायचंय.

२७ सप्टेंबर, सकाळ

ओढा अंगणात. रस्ता दिसत नाही. मिस लुरीन छातीभर पाण्यातून माझ्याकडे आल्या. खोल्या भरल्या तेव्हा दोघी माळ्यावर चढलो.

खिळा रिकामा.

मिस लुरीन रडत म्हणाल्या, परवा तू बाजारात होतीस तेव्हा नेली. शेकोटीला लाकडं फोडायला. वर नुसतीच टांगलेली होती गं.

कुऱ्हाड त्यांच्या अंगणात. अंगण पाण्याखाली.

शिडी बुडाली. फळ्या हाताने हलत नाहीत. पाणी गुडघ्याला —

ठोके. आतून नाही. बाहेरून, छपरावरून. तीन.

लाकूड फुटतंय. पातं आत आलं. दांड्यावर लाल दोरी.

हात. पांढरा, फुगलेला. बोटात ती अंगठी, जी मी त्याच्याबरोबर पुरली. मिस लुरीनना आधी वर दिलं. आता तो माझ्याकडे —

२९ सप्टेंबर

छपरावर कोणी नव्हतं. कुऱ्हाड फळीत रुतलेली होती. होडीवाल्यांनी आम्हाला उतरवलं.  वाटेत मिस लुरीननी एकच विचारलं, तुला सोडताना तो इतका वेळ का लावत होता.

मनगटावर पाच बोटं उमटली आहेत. धुऊन जात नाहीत.

आज पाणी ओसरल्यावर मी घरी आले. कुऱ्हाड पुसून खिळ्याला टांगली. छपराचं भोक बुजवायला माणूस आला होता, त्याला परत पाठवलं. मग चुलीवर दोन कप कॉफी केली, आणि दोन्ही कप घेऊन वर माळ्यावर गेले.