नातीसाठी ठेवलेली खोली

मी, पंचफुला शालिकराम भोयर, वय अंदाजे अठ्ठावन्न, धर्म ख्रिस्ती, धंदा हातमागावर चादरी विणणे, राहणार नागपूर, आज शुद्धीवर असताना, कोणाची भीड न धरता ही माझी शेवटची इच्छा सांगते. लिहून घेणारे मधुसूदनराव आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पंचांपैकी आहेत.

१. माझे सासर मौद्याजवळ. अंगावर महारोगाचा चट्टा दिसला तेव्हा मुलगा रुपराव चार वर्षांचा होता. नवऱ्याने मला बैलगाडीतून आणून नागपुरातल्या एका आश्रमाच्या दाराशी उतरवले आणि गावात मी मेल्याचे सांगितले. माझे तेरावेही घातले. ते आता हयात नाहीत. त्यांच्याबद्दलची तक्रार देवासमोर मांडून झाली आहे, ती इथे लिहू नये.

२. आश्रमात रोग बरा झाला, बोटे मात्र गेली. तिथेच मी बाप्तिस्मा घेतला. पुढे डॉक्टरांचा दाखला पदरात बांधून रुपरावच्या लग्नाला गेले. मांडवाबाहेर त्याला मी कोण ते सांगितले. त्याने माझे हात पाहिले. शेजारी त्याचा सासरा उभा होता. रुपराव म्हणाला, "माही माय मेली. तू कोन होय वं?"

मी म्हणाले, "कोनी नोहो, बाप्पा. पंगत पाहून आली."

गोठ्याजवळ पत्रावळ मिळाली. पोराच्या लग्नाचे जेवण होते म्हणून जेवले. परत आल्यावर महिनाभर प्रार्थना सुचली नाही. मग आठवले, माझ्या प्रभूलाही त्याच्याच शिष्याने ओळखत नाही म्हटले होते, आणि प्रभूने त्याला टाकले नाही. रुपरावला मीही टाकलेले नाही.

३. देवळात प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला सर्वांत फिरतो, तो मला अकरा वर्षे सर्वांच्या शेवटी मिळाला. तसे पंचांनी ठरवले होते. इथे मधुसूदनराव लिहायचे थांबले. मी म्हटले, लिहाच. लोक तोंड फिरवून बसत, पण प्याला माझ्यापर्यंत कधी रिकामा आला नाही. देवाची दया मी तेवढ्यावर ओळखली.

४. माझ्यामागे हातमाग आणि सूत शामलाला द्यावे. तीही आश्रमातलीच. अठरा वर्षे आमची चूल एक आहे; सूत ती जोडत आली, माग मी तळहातांनी आणि पायांनी चालवत आले.

५. माझी कवेलूच्या छपराची खोली मी रुपरावची मुलगी इंदू, वय अकरा, हिच्या नावे करते. तिच्या गालावर चट्टा आला असून तिला गोठ्यात निजवतात, असे रुपरावच्या गावच्या नत्थूजींनी येऊन सांगितले. मी धाडलेली दोन पत्रे न उघडता परत आली. मला खाटेवरून उठवत नाही. म्हणून शामलाने माझ्या मरणाची वाट न पाहता हा कागद घेऊन उद्याच जावे. रुपरावला सांगावे की आता औषध आहे, पोरीची बोटे वाचतील. तिला घरी ठेवून औषध देत असेल तर उत्तम. ठेवत नसेल तर तिला इथे आणावे. शामलाने तिला आपल्या ताटात जेवू घालावे.

तो शिव्या देईल. त्या ऐकून घ्याव्यात, दारातून हलू नये. त्याचे मन वळवणे देवाच्या दयेवर सोडते. मौद्याकडची मोटार मात्र सकाळी सहाची आहे, ती चुकवू नये.

निशाणी : पंचफुला भोयर, उजव्या तळहाताचा ठसा, अंगठा नसल्यामुळे.
लिहून घेणार : मधुसूदन दाऊद साळवे
साक्षीदार : नत्थूजी हटवार, शेतकरी, यमुताई डोंगरे, परिचारिका
नागपूर, ता. ९ फेब्रुवारी १९७४