बेपत्ता माणसाचा जाब

नाशिक,
१२ मार्च १९८७

प्रिय कुंदा,

तुझं पत्र पोचलं. माझा प्रबंध छापला जाणार म्हणून तू हॉस्टेलवर पेढे वाटलेस, हे वाचून बरं वाटलं. आंतरराष्ट्रीय कायद्यासारखा रुक्ष विषय मी का घेतला, असं तू विचारलंस. ते सांगते, आणि आणखी एक सांगायचं आहे.

एकाहत्तरच्या लढाईनंतर तुझ्या बाबांबद्दल लष्कराची तार आली, तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. ‘बेपत्ता’ एवढंच. गेले असंही नाही, आहेत असंही नाही. देवळ्याच्या घरी लोक येऊन बसत, पण बोलायचं काय ते कुणालाच कळत नसे. महिनाभरानं आजी मला म्हणाली, "हे कोणाला इचारायचं ते पुस्तकात असंल, तर तू शीक. पोरीला मी बघते." मी नाशिकला लॉ कॉलेजात आले. तिकडे आजी कांदे निवडायला बसे आणि तू शेजारी गोणपाटावर खेळायचीस.

पुस्तकात ते होतं. दुसऱ्या देशाचा सैनिक ज्या राज्याच्या ताब्यात असेल, त्या राज्यानं त्याचा जाब द्यायचा असतो. राज्यांची ही जबाबदारीच मी पुढे शिकवत राहिले, तिच्यावरच लिहिलं. दिल्लीला अर्जही केले. ‘नोंद आढळत नाही’, हेच उत्तर दरवेळी.

आजी दर दिवाळीला विचारायची, "त्र्यंबकला जाऊन त्याचं करून टाकू का?" मी चिडायचे. जाब मिळण्याआधी आपणच त्यांना मेलेलं ठरवायचं? पण माझ्या होकाराशिवाय तिनं काही केलं नाही.

गेल्या महिन्यात तिनं अंथरूण धरलं. माझा हात धरून म्हणाली, "तुझं बरोबर हाय. पण मला आता लय दिवस नाय. लेकाला पाणी दिल्याबिगर कशी जाऊ?" मला एकही कलम आठवलं नाही; मी ‘करू या’ म्हणाले.

कुंदा, सोमवारी धाकट्या भावाच्या नात्यानं नाथाकाकांनी त्र्यंबकला, देह नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून, तुझ्या बाबांचे अंत्यसंस्कार केले. आजीला जीपमध्ये निजवून नेलं होतं. ती रडली नाही. घरी येऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. तुला आधी कळवलं नाही, कारण तू ‘नको’ म्हणाली असतीस आणि मी थांबले असते. बाप तुझा होता, तुला विचारायला हवं होतं. चूक माझी आहे. दिल्लीचे अर्ज मी बंद करणार नाही. तू रागावूनच ये, पण लवकर ये. आजी तुझी वाट बघते आहे.

तुझीच,
आई