डिकीतला दिवा

ता. ४, सोमवार

गाडी चालू झाली नाही!

चावी फिरवली तर आधी नुसतं टक्-टक्-टक् — आणि मग तेही नाही. हे खालच्या पार्किंगमधून वर आले ते चपला दारातच भिरकावून. "बॅटरी उतरली." मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "असं कसं?" आवाज सरळ कसा निघाला, देव जाणे.

असं कसं ते देवा तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आता या वहीलाही ठाऊक होऊ दे, दुसरीकडे बोलायची सोय नाही.

शुक्रवारी रद्दी ठेवायचं निमित्त काढून खाली गेले. डिकी उघडली. पिवळ्या फडक्याची चौपदरी घडी करून कुलपाच्या खाचेत बसवली आणि झाकण हलकेच टेकवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, बंद आहे. आत मात्र दिवा चालू. शुक्रवारपासून आजपर्यंत जळत होता.

जन्मभर या घरातले दिवे मी बंद करत आले. लेक लहानपणी म्हणायची, "आईच्या मागून अंधार चालतो." त्याच बाईने जाणूनबुजून एक दिवा फुकट जळत ठेवला.

ता. ५, मंगळवार

का केलं ते एकदा नीट लिहून ठेवते. उद्या कोणी जाब विचारला तर निदान उत्तर हाताशी असावं.

गेल्या महिन्यात बाजारातून येताना सिग्नलला थांबलो होतो. हिरवा झाला. हे हलेनात. मागून भोंगे सुरू. "अहो!" म्हटलं. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, पण माणूस घरी नाही! दंड धरून गदागदा हलवलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं आलोय आपण?" सगळा पाव मिनिटाचा खेळ. उभ्या गाडीत झाला म्हणून निभावलं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चिठ्ठी लिहिली — गोळ्या, आणि सहा महिने गाडी चालवायची नाही. यांनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. "डॉक्टर घाबरट आहे." घरी आल्यावर मला देवापुढे उभं केलं. स्वतः कधी हात जोडायचे नाहीत, पण माझं तोंड कोणत्या किल्लीने बंद होतं ते पक्कं माहीत! "शपथ घे. लेकीला सांगायचं नाही. कोणालाच नाही." घेतली. तिथेच चुकले, पण घेतली.

आणि सतरा तारखेला लेक येतेय. तीन वर्षांनी! हे म्हणतात, "विमानतळावर मीच जाणार. लाल गाडीतून आणणार पोरीला." निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली ही जुनी स्पोर्ट्स कार. जमिनीला टेकलेली, दोनच सीटांची. मी नेहमी टोमणा मारते की या गाडीत संसार मावत नाही. आता त्या दोन सीटांवर माझा सगळा संसार बसणार!

शपथ मोडता येत नाही. म्हणून दिवा जाळला.

संध्याकाळी फडकं काढून आणायला खाली गेले. फडकं नाही! डिकी नीट बंद. आसपास पाहिलं, चाकांखाली वाकून पाहिलं. नाही म्हणजे नाही. झाडूवाल्याने उचललं? डिकी मग बंद कोणी केली?

ता. ६, बुधवार

सकाळी यांनी शोरूमला फोन लावला, स्पीकरवर. तिकडची मुलगी पाठ केल्यासारखी बोलत होती — गाडी ओढून न्यावी लागेल, बॅटरी आमचीच घ्यावी लागेल, गाडीच्या कॉम्प्युटरला तिची ओळख करून द्यावी लागेल. "सगळं मिळून सर..." आणि आकडा सांगितला. आमचं दोन महिन्यांचं घर चालतं तेवढ्यात. मला आकड्याचा धक्का बसला नाही. पुढे म्हणाली ना, "उद्या संध्याकाळपर्यंत गाडी तयार," त्याचा बसला.

उद्या!

मी हातातलं तसंच टाकून आले. "काही नको. एका बॅटरीला एवढे? आपण घरीच बदलू."

"आपण म्हणजे?"

"मी बदलीन. मॅट्रिकला शास्त्र होतं मला."

"काठावर पास!"

"काठावर का होईना, पास ना?"

हे इतके हसले की खोकला आला. माझ्या चिकटपणाचा कोणाला संशय येत नाही, चाळीस वर्षांची साख आहे. घरी करायचं म्हटलं की महिना सहज जातो. बेसिनचा नळ बदलायला यांना दोन महिने लागले होते.

फोन ठेवून म्हणाले, "ठीक आहे. लेक येईल तेव्हा गाडी तयार पाहिजे, एवढंच."

ता. ७, गुरुवार

फडकं सापडलं नाही. जप करताना माळ तीनदा चुकले.

ता. ९, शनिवार

बॅटरीच्या दुकानात गेलो. भिंतीला लावून बॅटऱ्यांची चळत, सगळीकडे आंबट वास. दुकानदाराने विचारलं, "कोणती गाडी, काका?" यांनी छाती फुगवून सांगितलं. तो माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही बसता त्यात?"

"बसते. उठायला मात्र दोन माणसं लागतात."

शोरूमच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाली, जुनी परत दिली की आणखी थोडे कमी. मी सवयीने घासाघीस करायला लागले आणि मध्येच थांबले. मला ही वस्तू नकोय, मग भाव कशाला पाडतेय? पण तोंड ऐकेना. पाडलाच!

येताना रिक्षात बॅटरी माझ्या पायांशी. जड, थंड, गप्प. सगळी वाट तिच्याकडे बघत आले.

ता. ११, सोमवार

देव आहे! बॅटरी चुकीची निघाली!

या गाडीची बॅटरी पुढे नसते, मागे डिकीत असते. चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो, तो आत कोंडू नये म्हणून एक बारीक नळी बाहेर काढलेली असते. यांनी भिंग लावून पुस्तक वाचून दाखवलं. आणलेल्या बॅटरीला नळी जोडायचं भोकच नाही. "अशीच बसवली तर?" मी विचारलं. "तर डिकीत वायू साठेल आणि एखाद दिवशी ठिणगी पडली की आपण थेट तुझ्या देवाकडे."

चेहरा पाडून बसले. आत मात्र नाचत होते. मग आपलीच लाज वाटली. नवऱ्याचा बेत फसला म्हणून आनंद होणारी बायको! देवापुढे बसले, पण काय मागावं ते कळेना. गाडी बंद राहू दे म्हणावं की मला चांगली बुद्धी दे म्हणावं? दोन्ही एकदम मिळतील असं दिसत नाही.

ता. १२, मंगळवार

बदलून आणली. त्या दुकानदाराने चकार शब्द न काढता बदलून दिली, मेला!

दुपारी हे आंघोळीला गेले तेव्हा दहा नंबरचा पाना खिळ्यावरून काढून पिठाच्या डब्यात खुपसला. तारा त्यानेच सुटतात. दुसरा कुठलाच त्या नटाला बसत नाही.

बाहेर येऊन शोधायला लागले. "इथंच होता की गं." मीही शोधू लागले, गादीखालीसुद्धा पाहिलं. काय ही दशा! या वयात चोर झाले, तेही स्वतःच्याच घरात.

ता. १३, बुधवार

चोरी निभेना. पाना काढून पुसून खिळ्याला लावला.

"अरे, हा तर इथंच आहे!" हे म्हणाले. पान्याच्या तोंडात जरासं पीठ राहून गेलं होतं. ते त्यांनी पाहिलं. फुंकर मारून उडवलं.

ता. १४, गुरुवार

झालं. माझ्याच हातांनी झालं.

यांची कंबर धरलेली, त्यामुळे हे स्टुलावर, मांडीवर पुस्तक. मी पदर खोचून डिकीत डोकं घातलेली. गालिचा उचलला, खाली झाकण, त्याखाली जुनी बॅटरी — टोकांवर पांढरी बुरशी आलेली.

"आधी काळी तार. ऋण आधी सोडायचं."

"माहितेय. जोडताना तीच शेवटी."

"वा! काठावर पास!"

काळी सोडली, लाल सोडली, पकडपट्टीचा बोल्ट काढला, नळी उपटली. जुनी बॅटरी उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण पाण्याच्या बादल्या उचलून हे हात तयार झालेत. नवी ठेवली. नळी बसवली, ओढून पाहिली. पट्टी आवळली. लाल जोडली. काळी जोडली तेव्हा टिचकन एवढीशी ठिणगी उडाली आणि डिकीतला दिवा लागला.

तोच दिवा. माझ्या तोंडासमोर.

हे म्हणाले, "त्या कडेची खुंटी दाबून बघ. झाकण लागलं की ती दबते आणि दिवा विझतो." दाबली. विझला. सोडली. लागला. "लबाड आहे की नाही? झाकण जरा उघडं राहिलं तर आत काय जळतंय ते बाहेर कोणाला दिसत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाना घट्ट धरून होते.

शेवटचा नट राहिला होता, काळ्या तारेचा. मनात आलं, ढिला ठेवावा. दोन धक्के बसले की तार निसटेल. गाडी पार्किंगच्या चढावरच बंद पडेल, कोणाच्या जिवाला काही होणार नाही. पाना बसवला होता. अर्धा फेरा कमी दिला असता तर काम झालं असतं.

नाही जमलं. डब्याचं झाकणसुद्धा मी कधी अर्धवट लावलं नाही. हातांना ढिलं काम येतच नाही. आणि चढावरच बंद पडेल याची तरी काय खात्री? नट आवळला, वर आणखी एक चिमूटभर.

चावी फिरवली. गुरगुरली आणि चालू! सगळं पार्किंग दणाणलं. गाडीतलं घड्याळ पुन्हा बारावर गेलेलं. हे सांगत होते, बॅटरी काढली की गाडी मागचं बरंच विसरते, काचांनासुद्धा पुन्हा शिकवावं लागतं. मग मीच बसले एकेक बटण दाबून काचा वरपर्यंत नेत. हे कौतुकाने बघत होते. "शोरूमवाल्यांनी तुला नोकरीवर ठेवलं पाहिजे."

वर येऊन हात धुतले. तीनदा साबण लावला. काळं काही निघेना.

ता. १५, शुक्रवार

लेकीचा फोन. हे शेजारीच बसलेले, पेपर तोंडासमोर.

"आई, बॅटरी तू बदललीस? खरंच?"

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी. काल तासभर तेच चाललं होतं!" मग जरा थांबून, "आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"बाबा?"

पेपर हलला नाही. मी म्हटलं, "तेही बरे आहेत." फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ घरभर फिरत होते. भांडी लावलेली पुन्हा लावली. कपाट आवरलेलं पुन्हा आवरलं. शपथ म्हणजे काय देवाने मागितली होती? नवऱ्याने मागितली, देवाला नुसता साक्षीला उभा केला. मग मोडली तर पाप कोणाचं?

ता. १६, शनिवार

सकाळपासून हे खाली. गाडी धुतली, पुसली. मी चहा घेऊन गेले तर चालवायची सीट पुढे सरकवून बघत होते. एवढे लांब पाय, गुडघे छातीला लागतील! "पुढे कशाला?" "सहज. रूळ आखडलेत का ते बघतोय." चहा घेतला. "उद्या नऊला निघायचं."

वर आले आणि ठरवलं. शपथ मोडायची. पाप लागलं तर मला लागेल, पोरगी तर जिवंत राहील. हे वर यायच्या आत फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. विमानात बसली!

इतके दिवस तोंड शिवून बसले आणि उघडलं ते आता, पलीकडे ऐकायला कोणी नसताना.

उद्या गाडीपुढे आडवी पडेन. आणखी काय करू? देवा, तू तरी जागा राहा.

ता. १७, रविवार

सकाळी देवाला दिवा लावायला गेले तर गाडीची चावी देवापुढे ठेवलेली. कधी हात न जोडणाऱ्या माणसाने! राग आला. म्हटलं, आता देवालाही सामील करून घेतलं!

मग त्यांचा कोट झटकायला घेतला. आतल्या खिशात काहीतरी मऊ. पिवळं फडकं! माझीच चौपदरी घडी, मोडलेली नाही. घडीत डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीला टाचलेली टॅक्सीची पावती — रविवार, सकाळी नऊ, विमानतळ. जाताना माणसं दोन, येताना तीन. पैसे आगाऊ भरलेले. कधी भरले ते पाहिलं.

पाच तारखेला! म्हणजे काल सीट पुढे सरकवली ती लेकीच्या पायांसाठी, गाडी आता तीच चालवणार!

टॅक्सी खाली उभी आहे. हे दारातून हाक मारतायत — "अगं, चल ना! आणि दिवे सगळे बंद केलेस ना?"