पान संपेपर्यंत

देवणी, ता. उदगीर, जि. लातूर
सोमवार, ४ मे १९८७

प्रिय रत्नक्का,

नागूचा शरणार्थ. भाऊजींना नमस्कार सांग, दोन्ही पोरांचा पापा घे. तुमच्याकडे देगलूरला बोअरला पाणी आहे असं तू होळीच्या पत्रात लिहिलं होतंस. अजून असावं.

वर जिल्हा लिहिताना हात उस्मानाबादकडेच वळला. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली, हाताला सवय होत नाही. शेजारच्या सरजाबाई म्हणतात, "जिल्हा लातूरला गेला, त्याच्या मागं पाणीबी गेलं." चार दिवसांतून एकदा मारुतीपाशी टँकर येतो. विहिरीच्या तळाला पोरं गोट्या खेळतात.

अव्वाची तब्येत जरा नरम आहे. आठ दिवसांपूर्वी, रविवारी, टँकर चुकला, त्यात ऊन फार. काळजी करू नकोस.

हे शेवटचं वाक्य मी आज चौथ्यांदा लिहिते आहे. आधीचे तीन कागद फाडले. काळजी करण्यासारखं आहे, अक्का. अव्वाला लकवा झालाय. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. तीन दिवस उदगीरच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, आईला घरी न्या. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आज आठवा दिवस. "अक्काला कळवलंस न्हवं?" असं सरजाबाईंनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले.

का कळवलं नाही ते सांगते, पण मला सावकाश सांगू दे.

आप्पा गेल्यावर त्यांच्या नावाने मी लिखित जप धरला होता, हे तुला ठाऊक आहे. एक लाख वेळा "ॐ नमः शिवाय". शाळेत जायच्या आधी आप्पांनी पाटावर विभूती पसरून माझं बोट धरून हीच अक्षरं गिरवून घेतली होती. तू तेव्हा हसायचीस, की नागूचं अक्षर शेपटी वर करून पळतं. आप्पा म्हणायचे, "त्याला बसू दे. बसल्याशिवाय अक्षर बोलत न्हाई."

शिवरात्रीला मठातल्या स्वामींना वही दाखवली. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, "पोरी, हा जप न्हाई. हे उरकणं हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण मला वाटलं, आप्पांच्या नावाने मी दीड वर्ष देवाला फसवलं. तीन वह्या बाजूला ठेवल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नियम केले. पान सुरू असताना बोलायचं नाही. उठायचं नाही. एक अक्षर बिघडलं तर पान पुन्हा. आधी जे पान पाव तासात व्हायचं, त्याला तास लागू लागला. खरं सांगते, त्या तासात मला बरं वाटायचं. घशाची कोरड, उद्याची चिंता, काहीच आत यायचं नाही.

रविवारीही मी लिहीत होते.

टँकर चुकला नाही, अक्का. मी भोंगा ऐकला. सरजाबाई दारातून ओरडल्या, "नागम्मा, ऊठ गं! घागरी घे, लई गर्दी हाय!" पाच ओळी राहिल्या होत्या. आतून अव्वाने हाक मारली, "नागू, पाणी आलं बघ." मी मान वर केली नाही. घाई करायची नाही, हाच तर माझा नेम होता. पाच ओळी सावकाश लिहिल्या. घागरी घेऊन पोचले तेव्हा मारुतीपुढे नुसता चिखल होता.

सरजाबाई म्हणाल्या, "घे माझी एक कळशी." त्यांच्या घरात सात माणसं. मी म्हणाले, "असू द्या, आहे घरात." घरात एक तांब्या होता.

अव्वाचं तुला माहीत आहेच. अंघोळ केल्याशिवाय गळ्यातलं इष्टलिंग पूजेला हातात घ्यायचं नाही आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायचा नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने हे एक दिवस मोडलं नाही. रविवारी ती अंघोळीसाठी थांबली होती. मी म्हणाले, "अव्वा, अंगाला विभूती लाव. तीही अंघोळच, आप्पा सांगायचे. या तांब्यातल्या पाण्यात पूजा होईल, उरलेलं पी."

ती हसली. म्हणाली, "तू तुझं पान सोडलं न्हाईस. मी माझा नेम कसा सोडू?"

टोमणा नव्हता गं. माझं कौतुकच होतं त्यात. मी बिघडले नाही, आप्पांची शिकवण धरून आहे, असं तिला वाटलं. म्हणूनच मी पुढे बोलू शकले नाही. त्या संध्याकाळी दारोदार जाऊन कळशी मागायला हवी होती. पण मागताना सांगावं लागलं असतं, की टँकर आला तेव्हा मी कुठे होते.

सोमवारी सकाळी सरजाबाईंकडे गेले तर कुलूप. सगळे रोजगार हमीच्या कामावर. शेवटी मठातून कळशी मिळाली. दुपारी परत आले तेव्हा अव्वा उंबऱ्यात आडवी पडली होती. एक हात

मंगळवार

कालचं वाक्य तसंच राहिलं. सरजाबाई आत आल्या आणि कागद बघून ओरडल्या, "अजून पत्रच लिहायलीस? म्हंजी कळवलं न्हाईस? येडे, तार कर की! पत्र पोचंस्तवर म्हातारी राहती का?" मी अर्ध्या ओळीतून उठले. त्यांच्याच सोबतीने पोस्टात जाऊन तार केली. "अव्वा अत्यवस्थ. ताबडतोब ये." त्यापलीकडे काय घालावं, सुचलं नाही.

रोज सकाळी मी अव्वाचं इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवते, विभूती लावते, पाणी वाहते. तो हात चालतो, पण बोटं मिटत नाहीत. मीच माझ्या हाताने मिटवते. काल पूजेच्या आधीच तिने तोंड उघडलं. मी थांबले. तिने डोळे न उघडता आणखी मोठा आ केला. मी चमच्याने पाणी घातलं. ती प्यायली. आता ती पूजेचं विचारत नाही. तिला आठवत नाही, की तिने सोडून दिलं, हे मला कळायला मार्ग नाही. मी वही उघडलेली नाही. "ॐ" मनात आला तरी भोंगा ऐकू येतो.

आता तार तुला मिळाली असेल. उद्या दुपारच्या गाडीने भाऊजी-पोरांना घेऊन तू येशील. हे पत्र तुला तिथे सापडणार नाही, तू निघाल्यावर पोचेल. तरी मी ते आजच टाकते आहे. तू आल्यावर "कसं झालं गं?" म्हणून विचारशील आणि मी "टँकर चुकला" म्हणेन. तू मला जवळ घेशील. एकटीने किती केलंस, म्हणशील. मी तुला म्हणू देईन. तोंडाने खरं सांगायचं धैर्य माझ्यात नाही, आणि तुझ्याशिवाय अव्वाला निरोप द्यायचंही नाही.

सगळं आटोपून देगलूरला गेलीस की दाराच्या फटीत हे सापडेल. वाचून उत्तर लिहू नकोस. देवणीला पुन्हा यायचं की नाही, ते तूच ठरव. आली नाहीस तर का आली नाहीस, ते मला कळेल.

अजून थोडे दिवस तुझीच,
नागू