पेज पोटात राहिली

मूल, जि. चंद्रपूर,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय निशा,

तुला आशीर्वाद. प्रवीणरावांना नमस्कार सांग, पियुषच्या पाठीवरून हात फिरव.

पाच वर्षांत माझं पत्र नाही, त्यामुळे पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील. ठेव. सवडीने वाच. फोन करणार होते, पण फोनवर मी थोरली बहीण राहत नाही, वर्गात असल्यासारखी बोलते.

इथलं ठीक. धान कापून झालं, बांधीत भारे पडून आहेत. हे दिवसभर तिकडेच. मी जूनपासून शाळेतून रजेवर आहे.

मला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. आता चंद्रपूरला किमो चालू आहे, आठपैकी चार झाले.

दुसऱ्या किमोनंतर सहा दिवस पोटात पाणीही टिकलं नाही. भात शिजल्याचा वास आला तरी उमासे यायचे. तिसऱ्या किमोच्या दिवशी यांना शेतावर थांबणं भाग होतं. मी एकटी निघाले, चंद्रपूरला उतरले, दिवसभर बस स्टँडवर बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. यांना म्हटलं, झाला. नंतर मी ओकले नाही, तर हे खूश. सगळ्यांना सांगत सुटले, "औषध लागू पडलं वाटते."

आठवड्याने दवाखान्यातून फोन आला, तो यांनीच उचलला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मले काऊन नाई सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी तेच मला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी उलटीच्या गोळ्या बदलल्या आणि तिथल्याच ॲक्युपंक्चरवाल्या बाईंकडे पाठवलं. दिव्यानी नाव, सिंदेवाहीची, तुझ्याच वयाची असेल. मी तिला विचारलं, "सुयांनी कॅन्सर जाते का?"

"कॅन्सर नाई जात, मॅडम. पोट शांत राह्यलं तं तुमी पुढच्या किमोले याल. एवढंच माह्यं काम."

रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय तिने हात लावला नाही. मग मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन बोटं वर, एक सुई, गुडघ्याखाली एक. केसासारखी बारीक. टोचल्याचं कळत नाही, नंतर आत जड वाटतं. वीस मिनिटं पडून राहायचं.

गोळ्यांनी की सुयांनी, मला सांगता येणार नाही. मळमळ गेली नाही, पण खाली बसली. पुढच्या किमोनंतर तिसऱ्या दिवशी मी वाटीभर पेज प्याले. ती पोटात राहिली.

एकदा सुया लावता लावता दिव्यानी म्हणाली, "घरी कोणी जबरदस्तीनं खाऊ घालते का? तसं नका करू देऊ."

मी म्हटलं, "आमच्या घरात जबरदस्ती करणारी मीच आहे."

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत केली.

निशा, पाच वर्षांपूर्वी आपली माय किमोनंतर ओकत होती तेव्हा मी तिची हनुवटी धरून तोंडात चमचा घातला. तू दारात उभी होतीस. "सोड तिले, बाई," म्हणालीस. मी म्हटलं, "नखरे आहेत सारे. खाल्लं नाई तं मरन." तिने गिळलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुढच्या किमोला ती गेलीच नाही.

तेराव्याला मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, मायनेच हिंमत सोडली. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस.

तिने हिंमत सोडली नव्हती. पोटात काही टिकत नसलं की दवाखान्याची पायरी चढवत नाही. त्यात कोणी जवळचं माणूस चमचा घेऊन उभं असलं, तर घरातही राहवत नाही. तिच्याजवळ बसून एकदा तरी विचारायला हवं होतं, काय होते तुले म्हणून. मी विचारलं नाही.

पाचवा किमो गुरुवारी आहे. हे सोबत येतील. तू यावंस म्हणून लिहीत नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलं आहे.

माझं चुकलं, निशा.

तुझी बाई,
सरिता