भाकरतुकडा

शनिवार, संध्याकाळ

गुलमंडीत सापडलेली फाटक्या कानाची छोटी कुत्री आज आमच्या निवाऱ्यातून पिशोरला गेली. न्यायला आलेल्या सुमनकाकूंना मी दरडावलंच, "शेतात राखणीला बांधून तर ठेवणार नाही ना?" कशाला बोलले तसं? दिवसभर तेच सलत होतं.

आत्ता त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नव्या सुनेवरून ओवाळतात तसा त्यांनी उंबऱ्यात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून बाहेर टाकला. तर फाटका कान उडवत ही धावली आणि तोच खाऊन आली! काकू हसत म्हणाल्या, "लई भूक लागली व्हय गं? थांब, दुसरा आणते."

मीही हसले, मग लक्षात आलं. दुसऱ्यांवरून ओवाळून टाकलेले तुकडे खाऊनच तर ती जगली. आजचा तिच्यावरून ओवाळलेला होता.